चूळ भरायची, गिळायचं नाही

ये गं, अशी इकडे ये. जवळ बस. लांबून बोललीस की मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनानं घालते, आणि मग तूच म्हणतेस की मोठी आई काहीच्या बाही बोलते. बोलणार नाही तर काय करणार? फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. रविवारीसुद्धा मीटिंग! आमच्या वस्तीतल्या पुढाऱ्यांनासुद्धा इतक्या मीटिंगा नसतात बाई. तुझी आई जाऊन वर्ष होत आलं. तेराव्याला आलीस ती बाहेर मांडवातच बसलीस, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस. वडिलांना भेटायचं झालं तर त्यांनाच बाहेर हॉटेलात चहाला बोलावतेस. भाऊजी बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून निघतात, जणू स्थळ बघायला चाललेत.

तू समोर नाहीस हे मला कळतं, म्हातारचळ लागलेला नाही अजून. पण लिहायचं तर कुणाला तरी समोर बसवावं लागतं, नाहीतर माझा हात चालत नाही. पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षर शिकलेली मी, चुकलंमाकलं सांभाळून घे. बोलून सांगायला गेले तर तू 'नको तो विषय' म्हणून फोन ठेवतेस. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. त्या शेवटच्या रविवारी आईनं तुझ्याकडे पाणी मागितलं आणि तू दिलं नाहीस. मंगळवारी ती गेली. तुला वाटतं, आपल्या आईला आपण तहानेली पाठवली, आणि ती आपल्यावर रुसून गेली. ती तहानेली गेली, हे मी खोटं म्हणणार नाही. पण ती तहान काय त्या रविवारची होती होय? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासूनची ती तहान. मी शेजारी होते, मी पाहिलीय. तेवढं ऐक, मग तुला वाटेल ते कर.

तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा आपली वस्ती अशी नव्हती. तुझे वडील आणि तुझे मोठे बाबा, दोघे भाऊ मार्केट यार्डात पोती वाहायचे आणि यार्डाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत आपलं घर. एका खोलीत मी, एकीत सासूबाई, आणि धाकटी आली तशी त्यांच्या खोलीला मधे साडीचा पडदा. पाणी चौकातल्या नळावर. संडास वस्तीच्या टोकाला, सगळ्या वस्तीला मिळून तेवढीच एक ओळ. बायकांच्या बाजूच्या दारांच्या कड्या कुणी भंगारात विकून टाकलेल्या. पत्र्याचं दार नुसतं लोटायचं, आणि वारा आला की ते आपलं आपण उघडायचं.

म्हणून आमच्यात जोडीनं जायची रीत. एक आत, एक बाहेर दार धरून उभी. मग उलट. जिला जोडी नाही ती बाई अडली. त्यामुळे वस्तीत नवी नवरी आली की उखाणा नंतर, आधी विचारायचे, "हिचं दार कोण धरणार?" हातावरची हळद उतरायच्या आत ते ठरायचं. आणि एकदा ठरलं की नळावर कितीही भांडणं होवोत, दार सोडायचं नाही. मी पाहिलंय, दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटून आल्यात, आणि दिवेलागणीला एक आत, एक बाहेर, तोंड फुगवून, पण दार घट्ट धरून.

तुझ्या आईचं दार मी धरलं, माझं तिनं.

जाऊ म्हणून आम्ही समोरासमोर कधी मनातलं बोललो असू असं मला आठवत नाही. सासूबाई असायच्या, पुरुषमाणसं असायची. जे बोललो ते त्या पत्र्याआडून. तोंड दिसत नाही म्हटलं की माणूस मोकळा होतो. माहेरची आठवण, कंबरेची कळ, भाऊजींचा रुसवा, सगळं मला पत्र्यातून कळायचं. तू पोटात आलीस तेही तिनं तिथूनच सांगितलं.

"जाऊबाई, मला दिवस गेलेत बहुतेक."

मी म्हटलं, "अगं, मग बाहेर तरी ये! रांग लागलीय मागं."

रांगेत एक म्हातारी होती, डबा घेऊन, अवघडून उभी. ती ओरडली, "पोरगा होऊ दे नाहीतर पोरगी होऊ दे, पण तू ऊठ गं माझे आई!"

बायका हसल्या. तुझी आई लाजून लाल होऊन बाहेर आली. तुझ्या येण्याची बातमी अशी फुटली, आता रागावू नकोस.

पण जायचं ते दोनदाच. पहाटे, आणि दिवे लागले की. मधे दिवसभर समोरच्या कट्ट्यावर रिकामटेकडे पत्ते कुटत बसलेले असायचे, आणि हातात डबा घेतलेल्या बाईला बघून त्यांना नेमका खोकला यायचा. त्यांच्या समोरून कोण जाणार? जायचं नाही तर प्यायचं नाही, इतका सरळ हिशेब. सासूबाईंनी मला शिकवलं होतं तेच धाकटीला शिकवलं. "तहान लागली की चूळ भरायची. घसा ओला होतो. गिळायचं नाही." बाई वाईट नव्हत्या गं. त्यांना त्यांच्या सासूनं हेच सांगितलेलं. भाकरी थापायला शिकवतात तसं आमच्याकडे तहान मारायला शिकवायचे.

आणि कामं तरी कसली आमची! एका गोदामात आम्ही दोघी मिरचीचे देठ खुडायला जायचो. समोर लाल मिरचीचा ढीग, चहूबाजूंनी बायका, नाकातोंडाला पदर. डोळ्यांतून धारा, घशात निखारा. कोपऱ्यात पाण्याचा माठ भरून ठेवलेला असायचा. बायका उठायच्या, तांब्यानं तोंडात पाणी घ्यायच्या, खळखळ फिरवायच्या आणि दाराबाहेर गटारात थुंकून परत येऊन बसायच्या. एकदा नवीन शेठ आला. बराच वेळ बघत राहिला आणि मुकादमीणबाईंना म्हणाला, "काय हो, पाणी खराब आहे का? सगळ्या थुंकतायत."

मुकादमीणबाई म्हणाल्या, "नाही शेठ. पाणी चांगलंय. गिळलं तर जागा हवी ना सोडायला."

शेठ तोंडावर रुमाल धरून निघून गेला. मिरचीमुळे असेल.

तुझी आई या सगळ्यात पहिल्या नंबरची. मी कधी कधी चोरून दोन घोट गिळायची आणि मग संध्याकाळपर्यंत मांडी आवळून बसायची. तिचं तसं नाही. सकाळी चहा, तो काय तेवढा. पुढं दिवसभर कोरडी. सासूबाई नळावर अभिमानानं सांगायच्या, "आमची धाकटी म्हणजे उंटीण आहे. पाणी मागायची नाही." बायका कौतुकानं बघायच्या, आणि तुझी आई मान खाली घालून हसायची. बरं वाटायचं तिला. गरिबाच्या घरात सुनेचं कौतुक होतं कितीदा? लोक सुनेच्या पुरणपोळीचं कौतुक करतात, आमच्या वस्तीनं तहानेचं केलं. कुणाला कळलंच नाही की हे कौतुक करायचं काम नाही.

तिला सारखी उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ व्हायची, थंडी वाजून ताप भरायचा. ते सगळं मला पत्र्याआडून कळायचं, आतून तिचं कण्हणं ऐकू यायचं. धणे भिजवून दे, सब्जा दे, वाळ्याचं पाणी दे, सगळे उपाय केले. पण बघ ना, उपाय सगळे प्यायचेच! ती एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "बास जाऊबाई, उगीच मधेच लागली म्हणजे?" गल्लीतला डॉक्टर सुई टोचायचा, ताप उतरायचा, ती परत मिरचीवर. आणि एकटी तीच होती असं नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की घराघरांत लेकरांची पोटं चालायची, आणि एखाद्या घरात रिकामा झालेला पाळणा उचलून ठेवून द्यायला लागायचा. असं असतं, असं आम्ही म्हणायचो. आपल्या नशिबाचं पाणीच तसं.

मग तुला आठवतं तो काळ आला. तू सातवी-आठवीत असशील. एका संस्थेच्या पोरी यायला लागल्या. बायकांना गोळा करून विचारायच्या, घरात संडास हवा का? आमचा आधी विश्वासच बसेना. सामान त्यांचं, मजुरी आपली. गल्लीत ड्रेनेजचे पाइप पडले, घरोघर नळ आला, आणि चुलीशेजारचा कोपरा कापून प्रत्येकानं संडास बांधला. तुझे मोठे बाबा आणि भाऊजी यार्डातून दमून यायचे आणि विटा लावायला बसायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी संडासाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. ती रांगेतली म्हातारी अजून होती. म्हणाली, "आता आरती पण म्हणा. सकाळ-संध्याकाळ दर्शन आहेच."

काय सांगू तुला, काय बदललं ते. बदलणं हे फार लहान दिसतं गं, म्हणून कुणी लिहीत नाही. मी एका भर दुपारी तांब्याभर पाणी प्याले, सगळं, खाली ठेवलं, आणि घाबरून बसले. अगं बाई, हे काय केलं मी! मग आठवलं, चार पावलांवर आहे की. एकटीच हसत बसले होते. पावसाळे गेले आणि लेकरं दवाखान्यात न्यावी लागली नाहीत. पाळीच्या दिवसांत वस्तीतल्या पोरी शाळेत जायला लागल्या, त्यातली तूही एक. माझी सून गरोदर होती तेव्हा मी तिला सकाळ-दुपार पाणी पाजायची, दटावून पाजायची. माझी नात पाणी पिते तेव्हा घटाघट आवाज येतो, आणि तो आवाज ऐकत मी नुसती बसून राहते.

पण तुझ्या आईच्या हे कामाला आलं नाही.

एकच खोली तुमची. संडासाची भिंत छतापर्यंत गेलेली नाही. पलीकडे भाऊजी खाटेवर, तू अभ्यासाला. तिला आवाजाची लाज. मग ती आत गेली की आधी नळ सोडायची, धो धो, आपला आवाज झाकायला. मी भिंतीपलीकडून ओरडायची, "अगं, पाणी चाललंय!" तरी नळ चालूच. कधी कधी तर दिवे लागेपर्यंत जायचीच नाही, घरात असून. मी म्हणायची, "आता पी की गं पोटभर. कुणाची चोरी आहे?" ती म्हणायची, "लागतच नाही हो." खरंच लागत नव्हती. इतकी वर्षं हाक मारून ओ मिळाली नाही तर माणूससुद्धा हाक मारायचं सोडतं, तहानेनं सोडलं तर नवल काय?

आणि आपापल्या घरात संडास झाला तसं आमचं दार धरणंही संपलं. चांगलंच झालं. त्या घाणीत उभं राहायची हौस कुणाला? पण तो पत्रा गेला आणि बोलणंही गेलं. भिंतीला भिंत लागून राहात होतो आम्ही. ती यायची, चहा व्हायचा, भाजी काय केली ते व्हायचं. पण काय दुखतं, कुठं जळजळतं, ते तिला तोंडासमोर सांगता यायचं नाही. सवयच तशी, तोंड न बघता बोलायची. पाय सुजले तेव्हा म्हणाली, उभ्याचं काम फार झालं. तोंड सुजलं तेव्हा म्हणाली, झोप झाली नाही. पुढं तू तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलीस. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पाणी किती पिता दिवसाला?"

तुझी आई ताठ बसली. शाळेत बाईंनी पाढा विचारावा आणि तो येत असावा, तशी. म्हणाली, "फार नाही पीत, बाई. मला लागतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तुझ्याकडे बघितलं त्यांनी. तू खाली मान घातलीस. तुझी आई आमच्या तिघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मला ते तोंड विसरता येत नाही.

दोन्ही किडन्या वाळून गेल्यात म्हणाल्या. मग डायलिसिस. आणि त्यांनी सांगितलं, आता पाणी मोजून. शरीरातून बाहेरच पडत नाही तर आत घालायचं कुठं? एका लहान बाटलीवर तू पेनानं रेघ मारलीस, दिवसभरात एवढंच. आणि बघ कसं असतं, मेलेली तहान तेव्हा जागी झाली. जन्मात न मागितलेलं पाणी ती मागायला लागली. घरात नळ, घरात संडास, प्यायची मनाई. मी एकदा शेजारी बसले होते, नळाला पाणी आलं, ती बघत राहिली आणि म्हणाली, "दात होते तेव्हा चणे नव्हते, जाऊबाई." पुढचं मी म्हणायला हवं होतं, मी उठून नळ बंद केला.

शेवटी शेवटी ती चूळच भरायची. तोंडात पाणी घ्यायचं, फिरवायचं, वाटीत थुंकायचं. नर्सबाईंनी शिकवायला सुरुवात केली तर तुझी आई म्हणाली, "राहू द्या हो, यात माझा हात कुणी धरणार नाही."

आता तो रविवार. तू आलीस, तिचे केस विंचरलेस, तिला खाऊ घातलंस. बाटलीतलं रेघेपर्यंतचं सकाळीच संपलं होतं. ती म्हणाली, एक घोट दे. तू म्हणालीस, नाही आई. ती म्हणाली, अर्धा दे. तू म्हणालीस, अर्धा पण नाही, श्वास लागतो मागाहून, परवाचं विसरलीस का? तुझा आवाज चढला होता. मग ती म्हणाली, "बघा, लेक पोटी आली आणि सासू झाली," आणि भिंतीकडे तोंड करून पडली. भाऊजी हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. तू हसली नाहीस. बॅग उचलून गेलीस. ते भिंतीकडचं तोंड तू घेऊन गेलीस, हो ना? त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस, कारण तू नव्हतीस.

तू गेल्यावर भाऊजी दूध आणायला बाहेर पडले. मी तिच्या पाठीशी खाटेवर बसले. ती तशीच, भिंतीकडे तोंड. मला वाटलं झोपली. आणि बोलायला लागली, माझ्याकडे न वळता, पत्र्याआडून बोलायची ना, तशी.

"जाऊबाई, पाणी पिऊ नको म्हणणाऱ्या मला जन्मभर भेटल्या."

मी म्हटलं, "हं."

"कुणाला रांगेची घाई, कुणाला कामाची. सासूबाईंना आब्रूची. कट्ट्यावरच्यांची भीती. माझ्याकडे बघून कुणी म्हटलं नव्हतं. ही पोरगी म्हणते ती मी मरू नये म्हणून म्हणते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग म्हणाली, "ओरडली केवढ्यांदा, ऐकलंत? माझ्यासाठी असं कुणी ओरडलं नव्हतं कधी." आणि खुदकन हसली. शप्पथ, हसली. पाठ हलली तिची. "पण उंटिणीची पोरगी आहे, ऐकायची नाही. रडत गेली असेल बसमध्ये. तिला सांगा हो."

तिला सांगा, म्हणाली. मला वाटलं, पुढच्या रविवारी तीच सांगेल, तिच्या तोंडून गोड वाटेल. मंगळवारी सकाळी डायलिसिसला निघायचं म्हणून मी वेणी घालायला गेले तर ती झोपेतच गेली होती. तोंडात तुळशीचं पान आणि पाणी मी घातलं. ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं, मी पदरानं पुसलं. याहून जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही.

मग तू आलीस तेव्हा घरभर माणसं, तुझ्या डोळ्यांत बघायची सोय नाही. पुढं तू उंबराच सोडलास. फोनवर दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तू तोडलंस. म्हणून आज हे.

तू पाणी दिलं नाहीस ते तिच्या मनाला लागलं नाही, पोरी. तुझं 'नाही' ती मायेचं म्हणून घेऊन गेली. रेघ तू मारलीस खरी, पण त्या रेघेपर्यंत तिला आणून सोडलं ते आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि एका कडी नसलेल्या दारानं. तुझ्या एका घोटाचा त्यात काय हिशेब?

भाऊजी तसे बरे आहेत. एकटेच असतात. आतला नळ थेंबथेंब गळतो, दुरुस्त करू देत नाहीत, म्हणतात राहू दे, आवाज असतो घरात. तू येत नाहीस याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, पण रविवारी दाढी करतात. आता मी म्हातारी काय काय बघू?

तेव्हा ये गं. हॉटेलात नको, घरात ये. आत येऊन बस, रडायचं असेल तर आतच रड, भिंती आपल्याच आहेत. रविवार नकोसा वाटत असेल तर मधल्या वारी ये, सुट्टी टाक एक दिवस, तुझ्यावाचून कंपनी बुडत नाही. मी पिठलं-भाकरी करते, ठेचा करते, तुला लागतो तसा. फक्त गुरुवारी येऊ नकोस, गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद असतं. बाकी कधीही ये, पण लवकर ये.